ज्यूरीचं समन्स: सुटका नको, तारीख मागा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहता, गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंत. सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाकडून ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्यासाठी हजर राहायचं, समन्स आलंय, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचं. त्याच आठवड्यात नागपूरला भाचीचं लग्न आहे, तिकिटं काढून झालीत. आई तुमच्याकडेच असतात. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू नीट चालत नाही, आणि तुम्ही घरून काम करत दिवसभर त्यांच्याकडे बघता. पत्नी ग्रीन कार्डवर, म्हणजे नागरिक न होता कायम राहण्याच्या परवान्यावर, आहेत, त्यांनाही पंधरा दिवसांपूर्वी असंच समन्स आलं आणि ते अजून फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेलं आहे. मित्रांनी तीन सल्ले दिलेत: साधं टपाल आहे, फेकून द्या, इंग्रजी येत नाही म्हणून कळवा, नाहीतर कोर्टात जाऊन काहीतरी भडक बोला, घरी पाठवतील. आणि तुम्ही विचारताय की यातून सुटका कशी होईल.

मी या काउंटीत गेली 17 वर्षं फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. ज्यूरी निवडायची म्हणजे समोर बसलेल्या साठ-सत्तर अनोळखी माणसांशी कधी एक दिवस, कधी तीन दिवस बोलायचं. त्यातल्या कित्येकांची पहिली विनंती ‘मला जाऊ द्या’ हीच असते. कोणती विनंती टिकते आणि कोणती पडते हे मी त्या टेबलाशी बसून बघत आलेय, त्यावरून सांगते. काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत: खटला किती दिवसांचा निघतो, न्यायाधीश कोण आहेत, त्या आठवड्यात किती खटले सुरू होतायत. शिवाय प्रत्येक काउंटीची पद्धत थोडी वेगळी असते. समन्सच्या कागदावर जे छापलंय ते माझ्या सांगण्याच्या वरचं समजा.

तुम्ही एकच प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. लग्नाचा प्रश्न तारखेचा आहे. आईंचा प्रश्न देखभालीचा आहे. आणि पत्नींचा प्रश्न माफीचा नाहीच, पात्रतेचा आहे. ही तिन्ही गाऱ्हाणी एकाच पत्रात कोंबली की वाचणाऱ्या कारकुनाला वाटतं, माणूस फक्त कारणं शोधतोय. म्हणून एकेक घेऊ.

पत्नींचं आधी, कारण ते आज रात्रीच करायचं काम आहे. ज्यूरीवर फक्त अमेरिकेचे नागरिक बसू शकतात. मग ग्रीन कार्डवाल्यांना समन्स येतंच कसं? कॅलिफोर्नियात ज्यूरीसाठी नावं मतदार यादीतून आणि डीएमव्हीच्या, म्हणजे गाडीच्या परवान्याच्या नोंदींतून घेतात. 2022 पासून त्यात राज्याचा आयकर भरणाऱ्यांची यादीही आली. परवाना सगळ्यांकडे असतो, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांकडेही, आणि त्या यादीत नागरिक कोण हे बघून नावं काढलेली नसतात. त्यामुळे समन्स आलं म्हणजे सरकारने आपल्याला नागरिक मानलं असा त्याचा अर्थ नाही, आणि आपलं काही चुकलं असाही नाही.

फॉर्मवर ‘मी अमेरिकेची नागरिक नाही’ अशी चौकट असते. त्यावर खूण करायची, सही करायची, पाठवायचा किंवा ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रत काढून ठेवायची. बस. पण हे न करता गप्प बसणं, किंवा ‘जाऊन तर बघू’ म्हणून कोर्टात हजर होणं, दोन्ही वाईट. कोर्टात जाऊन चुकून नागरिक असल्याच्या शपथेखाली ज्यूरीवर बसलं, तर नागरिकत्वाचा खोटा दावा केला असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. 1996 च्या कायद्यापासून इमिग्रेशनमध्ये ही फार गंभीर बाब आहे: ग्रीन कार्ड जाण्यापर्यंत मजल जाते आणि त्यातून परतीची वाट अगदी अरुंद आहे. पुढे नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-400, भरताना ‘तुम्ही कधी स्वतःला अमेरिकेचे नागरिक म्हणवलं आहे का’ असा सरळ प्रश्न असतो. त्या दिवशी आजची ही प्रत फाइलमध्ये असलेली बरी. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, ज्यांच्या नवऱ्याने घाईत दोघांचे फॉर्म एकदम भरले आणि त्यांच्याही फॉर्मवर ‘नागरिक आहे’ अशी खूण करून टाकली. दोन दिवसांत लक्षात आलं, त्यांनी लगेच लेखी दुरुस्ती पाठवली, म्हणून निभावलं. दोघांचे फॉर्म दोघांनी स्वतः भरा.

आता तुमचं. कॅलिफोर्नियाचा नियम ऐकला की आपल्याकडच्या लोकांना धक्का बसतो: व्यवसायामुळे इथे कुणालाच सूट नाही. डॉक्टर असा, प्राध्यापक असा, स्टार्टअपचे मालक असा, समन्स आलं की उत्तर द्यायचं. ठरावीक प्रकारचे पोलिस अधिकारी सोडले तर अपवाद नाही. मला स्वतःला समन्स येतं, आणि न्यायाधीशांनाही येतं. पात्र माणसाला माफी फक्त एकाच कारणाने मिळू शकते: त्याच्यावर किंवा समाजावर अवाजवी हालाची वेळ येत असेल तर. हाल म्हणजे काय हेही नियमातच दिलंय. कोर्टात पोहोचायला कुठलंच साधन नाही. घरापासून कोर्ट दीड तासापेक्षा जास्त लांब आहे. पोटापाण्यावरच घाला येईल असा आर्थिक बोजा. शारीरिक किंवा मानसिक अडचण. लोकांच्या जिवाच्या सुरक्षेसाठी त्या माणसाची तातडीने गरज आहे. दुसऱ्या कुणाची प्रत्यक्ष देखभाल करावी लागते आणि पर्याय नाही. याखेरीज मागच्या 12 महिन्यांत ज्यूरीसाठी हजर झाला असाल तरी माफी मिळते.

आणि त्याच नियमात एक वाक्य आहे, जे मी प्रत्येकाला सांगते: स्वतःची किंवा मालकाची गैरसोय हे माफीचं कारण होऊ शकत नाही, पण तारीख पुढे ढकलण्याचं कारण होऊ शकतं. इतकंच नव्हे, माफी मागणाऱ्याने अडचण काय ते लिहायचंच, पण तारीख पुढे ढकलून ती का सुटत नाही हेही लिहायचं. सगळी गोम इथे आहे. लोक अडचण लिहितात, दुसरा भाग लिहितच नाहीत, आणि नकार आला की म्हणतात, ‘यांना माणुसकी नाही’.

तुमच्या भाचीचं लग्न घ्या. लग्न एका दिवशी आहे, जानेवारीत ते नसणार. म्हणजे तारीख बदलून ही अडचण पूर्ण सुटते, आणि म्हणूनच त्यावर माफी मिळणार नाही. पण तारीख मिळेल, आणि तीही फार विचारपूस न करता. काउंटीच्या संकेतस्थळावर समन्सवरचा ज्यूरर नंबर टाकून पुढे ढकलण्याची सोय असते, फोननेही होतं. तिकिटांच्या प्रती कुणी मागेलच असं नाही, पण जवळ ठेवा. पुढची तारीख स्वतः निवडायची संधी मिळते तेव्हा ‘जितकी लांब तितकी बरी’ असं करू नका. घरात दुसरं माणूस असेल असा आठवडा निवडा: पत्नींची रजा, भाऊ येणार असेल तो काळ, मुलं मोठी असतील तर त्यांची सुट्टी. पहिल्यांदा पुढे ढकलणं सोपं असतं. दुसऱ्यांदा मागायला गेलात की कारण सांगावं लागतं, आणि ते ऐकणाऱ्याचा स्वर बदललेला असतो.

आईंचा प्रश्न खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नका. पण तो कसा मांडता यावर बरंच अवलंबून आहे. मागे एका खटल्यात ज्यूरी निवडताना क्युपर्टिनोच्या एक बाई पुढे आल्या. म्हणाल्या, ‘सासऱ्यांना बघायला घरी कुणी नाही.’ न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, ‘आज ते कुणाजवळ आहेत?’ बाई म्हणाल्या, ‘शेजारच्या आजीजवळ.’ ‘मग उद्याही त्या बसू शकतील का?’ बाई गप्प झाल्या. मला वाटलं, गेलं. पण मग त्यांनी सांगितलं: शेजारच्या आजी 72 वर्षांच्या आहेत, त्यांना सासऱ्यांना उचलता येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दुपारी एक वाजता नळीतून अन्न द्यायचं असतं आणि ते कसं द्यायचं हे नर्सने फक्त त्यांनाच शिकवलंय. दिवसाची बाई ठेवायचे पैसे त्यांच्याकडे नाहीत, आणि तारीख बदलून काही उपयोग नाही, कारण सासऱ्यांची स्थिती चार महिन्यांनीही हीच असणार. न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांकडे पाहिलं, आम्ही दोघांनी मान हलवली, आणि बाई पाच मिनिटांत घरी गेल्या.

पहिल्या वाक्यात आणि नंतरच्या तपशिलात काय फरक आहे ते बघा. नियमात ‘प्रत्यक्ष आणि आवश्यक’ देखभाल म्हटलंय, आणि तितकीच चांगली पर्यायी सोय मिळत नाही किंवा परवडत नाही, असं म्हटलंय. तुमच्या पत्रात याच दोन गोष्टी यायला हव्यात. आईंना कशासाठी मदत लागते: उठवून बसवणं, शौचाला नेणं, औषधं, फिजिओथेरपी? कोणत्या वेळी? तुम्ही नसलात तर कोण करू शकतं, आणि का करू शकत नाही? डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र जोडा की त्यांना नियमित वैयक्तिक देखभाल लागते. कोर्टाला असा पुरावा मागण्याचा अधिकार आहे, तेव्हा आधीच दिलेला बरा.

इथे एक अडचण आहे आणि ती तुम्हाला आधीच सांगणं मला भाग आहे. तुम्ही डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाताय. तेव्हा आईंकडे कोण बघणार? तुम्ही लिहिलंय की पत्नी रजा काढणार आहेत. म्हणजे काही काळ का होईना, पर्याय आहे. तारीख बदलायला तिकिटं दाखवायची आणि त्याच पत्रात ‘माझ्याशिवाय आईला कुणी नाही’ असंही लिहायचं, हे एकमेकांना छेद देतं, आणि कुणी खोटं बोलतोय अशी शंका उगाच येते. म्हणून माझा सल्ला असा: आत्ता फक्त लग्नाच्या कारणाने तारीख पुढे घ्या, माफीचा शब्दही काढू नका. नव्या तारखेच्या वेळी पत्नींची रजा संपलेली असेल आणि खरंच कुणी नसेल, तर तेव्हा देखभालीच्या कारणाने, डॉक्टरांच्या पत्रासह, माफी मागा. तेव्हा ते पूर्ण खरं असेल आणि खरं वाटेलही. आणि घरात कुणी दोन-चार दिवस बघू शकत असेल, तर जा. छोट्या खटल्यांना तेवढेच दिवस लागतात.

आईंच्या नावाने कधी समन्स आलं तर? त्या नागरिक नसतील तर पत्नींसारखंच करायचं. नागरिक असतील तर 70 वर्षांपुढच्या माणसाला आजारपणाच्या कारणासाठी डॉक्टरांचं पत्र द्यावं लागत नाही. मात्र नुसतं वय झालं म्हणून आपोआप सूट मिळत नाही, लिहून कळवावं लागतंच. आणि बरं होण्यासारखं दुखणं नसेल तर कायमची वैद्यकीय माफी मिळण्याचीही तरतूद आहे, त्याला डॉक्टरांचं पत्र लागतं. ती एकदा घेतली की दरवर्षी पत्रापत्री नको. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांना एक वर्षापर्यंत तारीख पुढे घेता येते आणि त्यासाठी कोर्टात यावंही लागत नाही. हे आपल्या ओळखीतल्या नव्या आयांना जरूर सांगा.

नोकरीची काळजी तुम्ही ओझरती लिहिलीय, पण ती बऱ्याच जणांच्या मनात पहिली असते. आधी कळवलं असेल तर ज्यूरी ड्यूटीला गेल्याबद्दल मालक तुम्हाला काढू शकत नाही की त्रास देऊ शकत नाही, हा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. पगार द्यायचं बंधन मात्र राज्याने घातलेलं नाही. इथल्या मोठ्या कंपन्या बहुधा काही दिवसांचा पगार देतात, एचआरला विचारा. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या ठरावीक पगारावर असाल तर ज्या आठवड्यात तुम्ही थोडं जरी काम केलं, त्या आठवड्याचा पगार ज्यूरीच्या गैरहजेरीसाठी कापता येत नाही, हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, नियम आहे. कोर्टाकडून मिळतात ते दिवसाला 15 डॉलर, तेही दुसऱ्या दिवसापासून, आणि मैलामागे 34 सेंट. रोजंदारीवर, उबर चालवून, किंवा घरगुती डबे करून पोट भरणाऱ्या माणसाला यात खरोखर मार बसतो, आणि तिथे आर्थिक कारणाने माफी मागायला अजिबात संकोच करू नये. घरात आणखी कुणाचं उत्पन्न आहे, मालक काही भरून देतो का, खटला किती दिवस चालेल, हे कोर्ट बघतं. तुमच्यासारख्या पगारदार इंजिनिअरने हे कारण पुढे करू नये. टिकणार नाही.

आता मित्रांचे सल्ले. फेकून देण्याबद्दल: टपाल साधंच असतं हे खरं. पण उत्तर आलं नाही की दुसरं समन्स येतं, आणि त्यालाही दाद दिली नाही तर कोर्टापुढे खुलासा द्यायला बोलावतात. दंड पहिल्या वेळी 250 डॉलरपर्यंत, दुसऱ्या वेळी 750, त्यापुढे 1,500. कोर्टाचा अवमान म्हणून कैदेचीही तरतूद आहे. ते क्वचित होतं, पण एका फॉर्मने किंवा पाच मिनिटांच्या ऑनलाइन अर्जाने जे सुटतं त्यासाठी हा ससेमिरा कशाला मागे लावून घ्यायचा?

‘इंग्रजी येत नाही’ म्हणण्याबद्दल: फॉर्मवरची सही खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या धाकाखाली असते. ज्या माणसाने नागरिकत्वाच्या मुलाखतीत इंग्रजीची परीक्षा दिली, त्याने वर्षभरात इंग्रजी येत नाही असं लिहून द्यायचं? तुम्ही लिहिलंय की आपला उच्चार ऐकून लोक दोनदा विचारतात, म्हणून भीती वाटते. उच्चाराची भीती बाळगू नका. कायद्याला लागतं ते पुरेसं ज्ञान: साक्ष समजली पाहिजे, वाचता आलं पाहिजे, बाकीच्यांशी चर्चा करता आली पाहिजे. आणि एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. 2022 पासून कॅलिफोर्नियातल्या फौजदारी खटल्यांत, आणि 2026 पासून दिवाणीतही, वकिलाने ‘याची मातृभाषा इंग्रजी नाही’ किंवा ‘याला दुसरी भाषा येते’ या कारणाने एखाद्या ज्यूररला काढायचा प्रयत्न केला, तर ते कारण आधी गैरच धरलं जातं. हा कायदा येण्याआधी अशी कारणं मी याच कोर्टांत डोळ्यांदेखत चालताना पाहिलीत. आरोपी मेक्सिकोचा, आणि स्पॅनिश बोलणारी एकूण एक माणसं कुठल्या ना कुठल्या सबबीवर घरी. आता तसं करणं अवघड झालंय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

भडक बोलण्याबद्दल: न्यायाधीशांनी हे हजारदा ऐकलेलं असतं. एका तरुणाने एकदा सांगितलं, ‘आरोपी इथे बसलाय म्हणजे त्याने केलंच असणार, मी तसंच मानतो.’ न्यायाधीशांनी त्याला सोडलं नाही. एकेक प्रश्न विचारत राहिले: तुमच्या भावावर आरोप आला तरी? पुरावा नसला तरी? मी कायदा समजावून सांगितला तरी? वीस मिनिटांनी त्या पोराचा चेहरा पडला होता, आणि बाकीचे सत्तर जण त्याच्याकडे बघत होते. शपथ घेऊन बोलत असता हे विसरू नका. मनात खरोखर पूर्वग्रह असेल, घरात चोरी झाल्यामुळे चोरीच्या खटल्यात डोकं शांत राहणार नसेल, तर ते जरूर सांगा. चारचौघांत सांगणं जड जात असेल तर ‘मला हे खासगीत सांगायचंय’ म्हणा, ती सोय असते. खरं सांगून घरी जाण्यात कमीपणा काहीच नाही.

प्रत्यक्ष गेलात तर काय होतं, तेही थोडं सांगते, कारण टीव्हीमुळे लोकांना वाटतं की महिनाभर हॉटेलात कोंडून ठेवतात. तसं होत नाही. समन्सच्या आठवड्यात तुम्ही आधी ‘स्टँडबाय’वर असता. आदल्या संध्याकाळी संकेतस्थळावर किंवा फोनवर तुमच्या गटाचा नंबर बोलावलाय का ते बघायचं. पाच कामाच्या दिवसांत बोलावलंच नाही तर तुमची ड्यूटी पूर्ण झाली, वर्षभर चिंता नाही. बोलावलं, पण दिवस संपेपर्यंत कुठल्या कोर्टरूममध्ये पाठवलं नाही, तरीही पूर्ण. सान होझेच्या हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये सकाळी ज्यूरी असेंब्लीच्या खोलीत लोक लॅपटॉप उघडून बसलेले असतात. तिथे काम करता येतं. कोर्टरूममध्ये गेल्यावर न्यायाधीश खटला किती दिवस चालेल ते सांगतात आणि कुणाला अडचण आहे का ते विचारतात. हालाचं कारण सांगायची ही शेवटची आणि बऱ्याचदा सर्वात चांगली जागा, कारण आता दिवस किती ते माहीत असतं. ‘तीन दिवस जमेल, तीन आठवडे नाही जमणार’ असं स्पष्ट सांगता येतं. मला स्वतःला असं बोलणारा माणूस फार विश्वासार्ह वाटतो. निवड झालीच तर रोज संध्याकाळी तुम्ही घरी असता. फक्त खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही आणि इंटरनेटवर काही शोधायचं नाही, ही अट काटेकोर असते.

आणि निवड झाली तर काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आपल्या पिढीने भारतात ज्यूरी पाहिलीच नाही. 1959 साली नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने 8 विरुद्ध 1 असा निर्दोष ठरवल्याचा कौल दिला, तो पुढे हायकोर्टाने फिरवला, एवढंच आपल्याला ऐकून माहीत असतं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी राहिलीच नाही. पण ज्यूरीवर कोण बसतं याने काय होतं, हे मराठी माणसाला त्याच्याही आधीपासून माहीत आहे. 1908 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर, नऊ जणांची ज्यूरी: सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख ‘केसरी’तले, मराठीतले, आणि ते ज्यूरीपुढे गेले भाषांतरातून. भाषांतरच चुकीचं आहे हे टिळक आपल्या भाषणात पुन्हा पुन्हा दाखवत होते. कौल आला 7 विरुद्ध 2, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचे शब्द मुंबई हायकोर्टात दगडावर कोरलेले आहेत. कॉलेजात असताना मी ते पहिल्यांदा वाचले, तेव्हा वकील व्हायचं ठरलंही नव्हतं.

कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं. 7 विरुद्ध 2 चालत नाही, 11 विरुद्ध 1 सुद्धा नाही. दिवाणीत मात्र बारांपैकी नऊ पुरतात. म्हणून आरोपीच्या शेजारी बसून मी समोरच्या बारा खुर्च्यांकडे बघते तेव्हा मला तिथे तुमच्यासारखी माणसं हवी असतात: दुसऱ्या देशातून आलेली, पोलिसांशी बोलताना शब्द अडखळणं म्हणजे काय हे माहीत असलेली, आईला सांभाळणारी. हे मी आरोपीच्या वकिलाच्या भूमिकेतून बोलतेय हे खरं, पण माझे सरकारी पक्षाचे मित्रही समजूतदार ज्यूरर शोधत असतात.

भाषांतराचाच एक नियम, कारण तो आपल्या लोकांना हमखास गोंधळात टाकतो. साक्षीदार मराठीत किंवा हिंदीत बोलला आणि दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं, तर ज्यूररने दुभाष्याचं इंग्रजीच धरायचं, स्वतःला मूळ भाषा येत असली तरी. बाकीच्यांना ‘तो असं नाही म्हणाला, त्याचा अर्थ असा’ हे समजावायला जायचं नाही. दुभाषी चुकला असं वाटलं तर लगेच चिठ्ठी लिहून कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे द्यायची, ती न्यायाधीशांकडे जाते. ‘ठोकलं’ याचं भाषांतर दुभाषी काय करतो यावर कधी कधी सगळा खटला फिरतो.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. तुमच्या पाकिटावर सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचं नाव आहे, म्हणून हे सगळं राज्याच्या नियमांनी सांगितलं. सान होझेतच फेडरल कोर्टही आहे, त्यांचं समन्स वेगळं असतं, भत्ता दिवसाला 50 डॉलर आणि सवलतीचे नियमही वेगळे. कुणा मित्राला तिकडचं आलं असेल तर माझं वरचं सांगणं त्याला जसंच्या तसं लावू नका.

आणि दिवसा आई घरी फोन उचलत असतील तर त्यांना हे मराठीत नीट समजावून सांगा. ‘तुमच्या मुलाने ज्यूरी ड्यूटी चुकवली, अटकेचं वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा’ असे फोन येतात, आणि बोलणारा स्वतःला शेरीफच्या ऑफिसातला सांगतो. कोर्ट फोनवर दंड मागत नाही, कार्डाचा नंबर मागत नाही, गिफ्ट कार्ड तर मुळीच नाही. माझ्या ओळखीच्या एक काकू दुकानात रांगेत उभ्या राहून कार्डं घेत होत्या. गल्ल्यावरच्या मुलीने ‘कुणासाठी एवढी?’ विचारलं म्हणून वाचल्या. असा फोन आला तर एक शब्द न बोलता ठेवून द्यायचा आणि तुम्हाला सांगायचं. समन्सच्या कागदावरचा ज्यूरी ऑफिसचा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, खरं-खोटं विचारायचं ते तिथेच.